हायकू ओएस: ईएफआय लोडर इन्स्टॉलरनेच ठेवावा का? आणि दर सहा महिन्यांना आवृत्ती काढावी का?

मांजरा (लातूर)

हायकू ही बीओएस या जुन्या सिस्टिमच्या धर्तीवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिचा इन्स्टॉलर (डिस्कवर बसवून देणारा प्रोग्रॅम) मुळात चांगला आहे. पेनड्राइव्हवरच्या फायली डिस्कवर उतरवतो, नेट मागत नाही, फालतू प्रश्न विचारत नाही. तरी नवे लोक अडकायलेत, आणि बहुतेक जण एकाच जागी. कॉपी पूर्ण होते, रीस्टार्ट केलं की मशीन म्हणतं बूट करायला काहीच सापडत नाही.

कारण साधं आहे. यूईएफआय (मशीन चालू होताना सिस्टिम शोधणारी नवी पद्धत) असलेलं मशीन हायकूच्या विभागाचा (पार्टिशनचा) बूट सेक्टर, म्हणजे सुरुवातीचा बूट करणारा तुकडा, वाचतच नाही. ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या ईएफआय विभागात ठरलेल्या जागी लोडर (सिस्टिम सुरू करणारी फाइल) शोधतं. बीटा ५ या चाचणी आवृत्तीत तो लोडर आपल्याला हाताने ठेवावा लागतो. म्हणजे ड्राइव्हसेटअपमध्ये (हायकूचं विभाग पाडायचं साधन) डिस्कला जीपीटी (विभागांची यादी ठेवायची नवी पद्धत) करा, १०० ते २०० एमबीचा ईएफआय विभाग काढून फॅट३२ करा, उरलेल्या जागेत बी फाइल सिस्टिमचा (हायकूची फायली ठेवायची रचना) विभाग करा, इन्स्टॉलर चालवा. मग ईएफआय विभाग माउंट करून (वापरायला उघडून) त्यात 'ईएफआय' फोल्डर, त्याच्या आत 'बूट' फोल्डर, आणि त्यात पेनड्राइव्हच्या ईएफआय विभागातली 'बूटएक्स६४' फाइल टाका. फोल्डर एका पातळीने जरी चुकला तरी मशीन काहीच बोलत नाही, सरळ पुढच्या डिस्कवर जातं.

ही शेवटची पायरी माणसाने का करावी? ओपनबीएसडी या दुसऱ्या मोफत सिस्टिमच्या इन्स्टॉलरमध्ये पूर्ण डिस्क आणि जीपीटी निवडलं की ईएफआय विभागही तोच बनवतो, लोडरही तोच ठेवतो. तो इन्स्टॉलर तर नुसत्या अक्षरांचा आहे, खिडकी नाही की बटण नाही.

दुसरी मागणी तारखेची. बीटा १ सप्टेंबर २०१८, बीटा २ जून २०२०, बीटा ३ जुलै २०२१, बीटा ४ डिसेंबर २०२२, बीटा ५ सप्टेंबर २०२४. मधलं अंतर १३ महिन्यांपासून २१ महिन्यांपर्यंत. ओपनबीएसडी दर सहा महिन्यांना आवृत्ती काढतं. हायकूनेही तसं करावं.

दुधना (जालना)

पहिल्या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे. तुमच्या पायऱ्या कोऱ्या डिस्कसाठी बरोबर आहेत. पण आपल्याकडे हायकू बसवणाऱ्याच्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज असतं, आणि ते घरातलं एकमेव मशीन असतं. त्याचा ईएफआय विभाग बऱ्याचदा जेमतेम १०० एमबीचा. 'बूटएक्स६४' ही ठरलेली पर्यायी जागा आहे. तिथं आधीच कुणाचा तरी लोडर बसलेला असू शकतो. इन्स्टॉलरने न विचारता त्यावर आपली फाइल ठेवली तर शेतीचे कागद, पोरांचा अभ्यास, सगळं त्या मशीनवर अडकेल. हाताने ठेवायला लावलं की माणूस निदान बघून तरी ठेवतो.

आणि खरा घात सिक्युअर बूटपाशी (सही असलेलाच लोडर चालू देणारी सोय) होतो. हायकूचा लोडर सही केलेला नाही, त्यामुळे सिक्युअर बूट बंद करावंच लागतं. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन चालू असतं आणि मालकाला ते माहीतही नसतं. सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते आणि त्या खात्याचा पासवर्ड कुणाला आठवत नसतो. म्हणून पहिली पायरी ड्राइव्हसेटअप नव्हेच. की काढून कागदावर लिहून घेणं ही पहिली पायरी. दुसरी, विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करणं, कारण ड्राइव्हसेटअप विंडोजचा एनटीएफएस विभाग लहान करू शकत नाही. हे कोणतंही बटण करून देणार नाही.

मांजरा (लातूर)

दुधनाभाऊ, सिक्युअर बूटचं शंभर टक्के मान्य. पण लोडरचं तुम्ही उलटं मांडताय. आंधळेपणाने फाइल ठेवण्याचा धोका हाताने करणाऱ्यालाच जास्त आहे. 'फाइल आधीच आहे, बदलू का?' असं विचारलं की नवा माणूस 'हो' म्हणतो. प्रोग्रॅमला मात्र तपासता येतं. ईएफआय विभाग नवा, रिकामा असेल तर लोडर 'बूट' फोल्डरात ठेव. तिथं आधी काही असेल तर हात लावू नको, 'हायकू' नावाचा वेगळा फोल्डर करून त्यात ठेव आणि पडद्यावर तसं सांग. पुढे तो लोडर बूटच्या यादीत आणायचं काम लिनक्सवरून किंवा रीफाइंडसारख्या बूट मेनूवरून करता येतं.

पूर्णा (परभणी)

दोघंही नव्या लॅपटॉपवर भांडायलाव. मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये बघा काय पडलंय. कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, जुने बोर्ड, नुसतं बायोस (यूईएफआयच्या आधीची जुनी पद्धत). या मशीनना विंडोज १० जड जातं, हायकूला मात्र ती पुरतात. तिथं ईएफआयचा प्रश्नच येत नाही. तिथं अडतं ते तीन गोष्टींवर.

पहिली, पेनड्राइव्ह. ४ जीबीचा पुरतो. पण रूफस (पेनड्राइव्हवर इमेज लिहिणारा प्रोग्रॅम) विचारतं आयएसओ पद्धत (फायली उतरवणं) की डीडी पद्धत (इमेज जशीच्या तशी लिहिणं), आणि लोक पहिलाच पर्याय दाबतात. हायकूची इमेज सीडी आणि डिस्क दोन्ही म्हणून चालावी अशी बांधलेली आहे, तिच्या आत बी फाइल सिस्टिमचा विभाग आहे. आयएसओ पद्धतीत तो विभाग पेनड्राइव्हवर तसाच उतरत नाही. मग बूट होताना चित्रांची रांग पेटायला लागते आणि शेवटच्या रॉकेटच्या आधीच थांबते, कारण बूट डिस्क सापडत नाही. डीडी पद्धतच निवडायची.

दुसरी, ॲक्टिव्ह विभाग. ड्राइव्हसेटअपमध्ये विभाग बनवतानाच 'ॲक्टिव्ह' ची खूण करायची असते. ती राहिली तर इन्स्टॉलरने विभागाचा बूट सेक्टर लिहिलेला असूनही एमबीआर (डिस्कच्या अगदी सुरुवातीचा तुकडा, यात बूटचा कोड आणि विभागांची जुन्या पद्धतीची यादी असते) त्याच्याकडे जात नाही. एमबीआरमधला कोडच नसेल तर टर्मिनलमधून 'रायटएमबीआर' चालवायचं, किंवा इन्स्टॉलरच्या टूल्स मेनूतून बूट मेनू बसवायचा. मांजराभाऊ, तुम्ही म्हणता त्या इन्स्टॉलरने ही खूण तपासली तरी निम्मी लॅब उभी राहील.

तिसरी, लाइट. कॉपी चालू असताना लाइट गेली तर ते अर्धवट राहिलेलं पुढे चालवत बसायचं नाही. विभाग पुन्हा इनिशियलाइज (फॉरमॅट) करून पहिल्यापासून. बी फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) आहे, पण जर्नल रचना सांभाळतं, अर्धवट उतरलेल्या फायलीतला मजकूर नाही. लॅबला यूपीएस असतो, बॅटऱ्या मेलेल्या असतात. त्यामुळे हे होतंच.

वीस मशीन असतील तर वीस वेळा इन्स्टॉल करूच नका. एकावर एमबीआर पद्धत, सुरुवातीलाच १६ जीबीचा विभाग, नीट बसवा. मग लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडी या आज्ञेने फक्त डिस्कचा पुढचा भाग उचलून बाकीच्या मशीनवर उतरवा: ४ एमबीचे ४२०० तुकडे. मागची मोकळी जागा उचलायची गरज नाही, आणि एका कंपनीची ५०० जीबीची डिस्क दुसरीपेक्षा थोडी लहान निघाली तरी अडत नाही. हे एमबीआरलाच सरळ चालतं. जीपीटीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते, तिथं वेगळी दुरुस्ती लागते.

तेरणा (धाराशिव)

तुमच्या लॅबमध्ये हायकू उभं राहिलं आणि मुलीने फाइलला 'किल्लारी' नाव दिलं. काय दिसेल? पहिली वेलांटी 'क' च्या आधी यायला हवी, ती 'क' च्या पुढे येते. 'ल्ल' जुळत नाही, पाय मोडलेला 'ल्' आणि मग वेगळा 'ला'. 'री' तेवढी बरी दिसते. हायकूच्या स्वतःच्या खिडक्यांत एका कोडला एक आकृती असा हिशेब आहे. अक्षरं जुळवणारा, मागेपुढे करणारा थर मधे नाही. क्यूटी या खिडक्या बनवायच्या संचावर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी नीट दिसते, कारण क्यूटी हार्फबझ (अक्षरं जुळवणारा कोड) वापरतं.

फॉन्ट असून उपयोग नाही, जोडणी हवी. आपली भाषा मोडकी दिसत असेल तर बूट किती सोपं झालं याला माझ्या लेखी अर्थ नाही. इन्स्टॉलर नंतर बघा, हार्फबझ आधी आणा.

सिंदफणा (बीड)

तेरणाताईंचं दुखणं खरं आहे, पण ते इन्स्टॉलरच्या बदल्यात मिळणारं काम नाही. पडद्यावर मजकूर रेखणारा ॲप सर्व्हर, मजकुराची रुंदी मोजणारा कोड आणि टेक्स्टव्ह्यू या लिहायच्या चौकटीतला कर्सर, तिन्ही बदलावं लागतं. आज रुंदी अक्षराअक्षराची बेरीज धरली जाते. जोडाक्षरात ती बेरीज खोटी ठरते. कर्सर 'ल्ल' च्या मधे थांबेल की पुढे, हेही ठरवावं लागतं. लोडर कॉपी करणं त्यापुढे फार लहान काम. दोन वेगळी माणसं दोन्ही करू शकतात.

मला बोलायचंय ते तारखेवर. सहा महिन्यांची घाई नको. प्रत्येक बीटासाठी कोडची फांदी वेगळी काढावी लागते, पॅकेजांची (प्रोग्रॅमच्या बांधलेल्या गठ्ठ्यांची) दोन भांडारं उभी करावी लागतात, आणि सगळं दोनदा: ६४ बिटला एकदा, ३२ बिटला एकदा. ३२ बिटमध्ये बीओएसचे जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून जीसीसी २.९५ हा जुना कंपायलर अजून सांभाळलेला आहे, शेजारी नवा जीसीसी. नव्या सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कोड त्या जुन्या कंपायलरला कळतच नाही. पूर्णवेळ पगारी विकासक २०२१ पासून एक, बाकी सगळे फावल्या वेळेतले. ज्याला घाई आहे त्याला रोजची नाइटली इमेज आहे की.

गोदाकाठ (नांदेड)

सिंदफणाभाऊ, वाट बघण्याची किंमतही मोजा. अल्फा ४ नोव्हेंबर २०१२ ला आली आणि बीटा १ सप्टेंबर २०१८ ला. जवळपास सहा वर्षं, मुख्यतः पॅकेज व्यवस्था पूर्ण बसेपर्यंत थांबल्यामुळे. त्या काळात नव्या माणसाला 'अधिकृत' म्हणून जे मिळत होतं ते सहा वर्षांपूर्वीचं, नव्या वायफाय कार्डाला ड्रायव्हर नसलेलं. नाइटली देऊ म्हणता, पण नाइटली म्हणजे काल रात्री जे बनलं ते. लॅबच्या वीस मशीनवर ते टाकायला मन धजत नाही.

उलट हायकूइतकी वारंवार आवृत्ती काढायला सोयीची व्यवस्था थोड्यांकडे आहे. सिस्टिम फोल्डर पॅकेजांतून माउंट होतो आणि तो फक्त वाचता येतो. प्रत्येक बदलाआधीची स्थिती प्रशासकीय फोल्डरात तारीखवेळेसह राहते. नवी आवृत्ती बिघडली तर बूट होताना स्पेस दाबून ठेवा, जुन्या बायोसवर शिफ्ट; बूट व्हॉल्यूमच्या यादीत मागची स्थिती निवडा, कालचं मशीन परत. परत फिरायला एवढी पक्की वाट असताना भीती कशाची?

लोक बिघडवतात ते दुसऱ्या ठिकाणी. बीटा ४ वरून ५ वर जाताना भांडारं दोन बदलायची असतात, हायकूचं आणि हायकूपोर्ट्सचं (बाहेरून आणलेल्या प्रोग्रॅमचं). एकच बदललं की अवलंबित्वं जुळत नाहीत, पॅकेजमॅन (पॅकेजं बसवणारी आज्ञा) डझनभर पॅकेजं काढू का विचारतं आणि माणूस 'हो' दाबतो. दोन्ही बदला, मग पॅकेजमॅनचं 'फुल-सिंक', मग रीबूट. ओपनबीएसडीने ६.६ पासून हेच काम एका आज्ञेत आणलं. हायकूला तसं एक बटण मिळालं तर तेही मला लोडरइतकंच मोलाचं.

नेटचंही सांगतो. मोबाइलवरून यूएसबी टेदरिंग बीटा ४ पासून चालतं, वायफायचं फर्मवेअर मिळेपर्यंत तेवढं पुरतं. आणि लॅबसाठी पॅकेज एकदाच उतरवा. पॅकेजची फाइल सिस्टिम फोल्डरातल्या 'पॅकेजेस' फोल्डरात टाकली की लगेच चालू होते. ज्यांच्यावर ती अवलंबून आहे ती पॅकेजंही सोबत न्यायची, नाहीतर अवलंबित्वं जुळवणारा प्रोग्रॅम प्रश्न विचारत बसतो.

दुधना (जालना)

मांजराभाऊंची तपासणी खरंच असेल, म्हणजे 'बूट' फोल्डरात काही आढळलं की थांबणार, तर माझा विरोध मागे. पण दोन अटी. ईएफआय विभागात किती जागा मोकळी आहे ते आधी बघायचं. आणि लोडर ठेवल्यावर कुठे ठेवला त्याचा पूर्ण मार्ग खिडकीत दाखवायचा, म्हणजे उद्या काढायचा झाला तर माणसाला सापडेल.

पूर्णा (परभणी)

त्यात ॲक्टिव्हची खूण धरा. बायोस मशीनवर ती नसेल तर इन्स्टॉलरने 'सुरू करा' च्या आधीच विचारावं, नंतर नाही.

सिंदफणा (बीड)

लोडरला माझी हरकत नव्हतीच. तारखेवर मात्र मी कायम आहे. मागे फिरण्याची वाट वापरणाऱ्याला आहे, बनवणाऱ्याला नाही. सहा महिन्यांची तारीख हवी असेल तर ३२ बिटला त्या वेळापत्रकातून सोडवा: ६४ बिट वेळेवर, ३२ बिट जमेल तेव्हा.

पूर्णा (परभणी)

चालेल. कोअर टू ड्युओ ६४ बिटच आहे.