टोपणनावावर सरसकट संशय नको

काही जण म्हणतात की इंटरनेटवर टोपणनावानं लिहिणारा काहीतरी लपवतोच, म्हणून खऱ्या नावाची सक्ती हवी. मला हे अजिबात पटत नाही.

आमच्या कोल्हापुरात ओळख झाली की आधी पेठ आणि तालीम विचारतात, उरलेला अंदाज आडनावावरून बांधतात. त्यात आपुलकी आहेच, पण एकदा 'अमक्याचा पोरगा' ठरलात की दुसरं काही होऊन बघायला जागा उरत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी घरच्यांच्या नकळत टोपणनावानं कविता टाकायची. लोक तिच्या ओळींवर बोलायचे, लग्न कधी करणार असं कुणी विचारायचं नाही. हळूहळू तिचं लिहिणं धीट झालं, आणि मग बोलणंही.

ही सोय काही इंटरनेटनं आणलेली नाही. इथल्याच राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधव त्र्यंबक पटवर्धन कवितेत 'माधव जूलियन' होते, आणि १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. खऱ्या नावाची सक्ती गूगल प्लस या गूगलच्या समाजमाध्यमानं २०११ मध्ये केली होती, २०१४ मध्ये मागे घेतली.

माझा आक्षेप आहे तो दर भांडणाला नवा आयडी काढणाऱ्यांवर. एकच टोपणनाव वर्षानुवर्षं वापरणाऱ्याला त्या नावाची पत सांभाळावी लागते. त्याचं जुनं लिखाण कुणीही काढून समोर ठेवतं. नियम करायचाच तर एका माणसाला एकच आयडी एवढा करा, आधार कार्डावरचं नाव मागू नका.