जुना टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं मशीन): कॉम्प्रेशन वरच्या सिलिंडरला १२०, खालच्याला ८५

खाडीवाला:
दोन सिलिंडरचं, दोरीने ओढायचं ४० एचपीचं जुनं मशीन आहे. रिकामी बोट बरी पळते, माणसं बसली की दम टाकते. स्पार्क प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) लावलं तर वर १२०, खाली ८५ पीएसआय (दाबाचं माप). मोजताना मशीन थंड, थ्रॉटल बंद, दुसरा प्लग जागेवरच. पिस्टनच्या रिंगा गेल्या समजून खोलू का?

जुना फिटर:
आधी नीट मोजा. थ्रॉटल बंद असला की सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही आणि दुसरा प्लग लावलेला असला की दोरी जड जाते, फेरे सारखे पडत नाहीत.
मशीन पाण्यात पाच-सात मिनिटं चालवून गरम करा. मग पेट्रोलची नळी काढा, किल स्विचची (मशीन बंद करायच्या बटणाची) क्लिप काढा आणि दोन्ही प्लग काढा. प्लग त्यांच्या वायरीच्या टोप्यांत बसवून भोकांपासून लांब, ब्लॉकला घट्ट टेकवा. ठिणगीला अर्थिंग मिळालं नाही तर सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो, आणि भोकातून पेट्रोलची वाफ येत असते, हेही विसरू नका. न्यूट्रलमध्ये थ्रॉटल पूर्ण फिरत नसेल तर कार्बोरेटरची झडप हाताने उघडी धरा. काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा, साधारण सात-आठ वेळा. दोन्ही सिलिंडरला तेवढेच झटके, तेवढ्याच जोराने.

बंदरावरचा:
नुसत्या आकड्यावर जाऊ नका, गेजागणिक तो बदलतो. दोन सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांपर्यंत ठीक. तुमचा जवळपास तीस टक्के आहे. नीट मोजूनही तेवढाच राहिला तर दोष खराच.
मग खालच्या सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल घाला. आउटबोर्डचे सिलिंडर आडवे असतात, ऑइल एका बाजूला साचतं. म्हणून भोकावर फडकं धरून फ्लायव्हील (मशीनच्या माथ्यावरचं जड चाक) हाताने दोन-तीनदा फिरवा आणि मगच मोजा. जास्त ऑइल नको. ते जागा खातं आणि आकडा खोटा चढतो. आकडा चांगला चढला तर ऑइलने फट बुजली, म्हणजे दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. कार्बनने रिंग नुसती चिकटलेलीही असते, तेव्हा आधी कार्बन क्लीनर घालून रात्रभर ठेवा.

जुना फिटर:
आणि चढलाच नाही, तर दोष हेड गॅस्केटचा (सिलिंडरचं झाकण, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधली पट्टी) किंवा भोक पडलेल्या पिस्टनचा. प्लगच्या भोकातून टॉर्च मारा. पिस्टनचा माथा एका बाजूला धुतल्यासारखा लखलखीत दिसला तर पाणी आत शिरतंय. खाऱ्या पाण्यात गॅस्केटची कड खाल्ली जाते. हेडचे बोल्ट मिठाने धरलेले असतात. गंज सोडवणारं तेल आदल्या दिवशी टाका, थोडं गरम करा आणि पुढेमागे हलवत काढा. जोर लावलात तर बोल्ट ब्लॉकमध्येच तुटेल.