ड्रॅगन जन्मले म्हणून बर्फ जागा झाला? आग-बर्फ थिअरी कुठं टिकते, कुठं तुटते

पंचगंगा_घाट

रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या पुस्तकमालेवर गप्पा मारायला बसायचं ठरलंय. विषय एकच : आग आणि बर्फ या दोन जादू खरंच एकमेकींच्या वैरी आहेत का.

सगळीकडं फिरणारी थिअरी अशी. शेवटचा ड्रॅगन मेला तशी जगातली जादू आटली. हद्दपार राजकन्या डॅनेरिसचे तीन ड्रॅगन जन्मले तशी ती परत आली. आणि आगीचं पारडं जड झालं म्हणून तोल साधायला पलीकडं बर्फ, म्हणजे अदर्स (उत्तरेच्या थंडीतले, प्रेतं उठवणारे जीव), जागे झाले. ऐकायला झकास आहे, पण पुस्तकात याला आधार किती?

कट्ट्यावर निम्मी मंडळी फक्त ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही टीव्ही मालिका बघितलेली आणि निम्मी पुस्तकवाली. गेल्या खेपेला पहिला तास कोण कुठलं सांगतंय हे कळण्यातच गेला. तेव्हा पुरावा पुस्तकातला की मालिकेतला ते प्रत्येक वेळी लिहा. स्पॉयलर चालतील.

जोडशंका : साधी तलवार अदर्सपुढं फुटते आणि ड्रॅगनग्लास (ज्वालामुखीची काळी काच) चालतं, याला जादूपलीकडं काही कारण आहे का?

काळा_कावळा

क्रम बघितला की थिअरीचा तिसरा भाग तिथंच पडतो.

पहिलं पुस्तक (१९९६) उघडतं तेच अदर्सपासून. उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीपलीकडच्या जंगलात पहारेकरी वेमार रॉइस मरतो आणि निळा पेटलेला डोळा घेऊन उठतो. त्याच पुस्तकात पुढं कॅसल ब्लॅक या पहारेकऱ्यांच्या गढीत दोन प्रेतं उठतात आणि सेनापती मॉर्मंटला वाचवताना जॉन स्नो या पहारेकऱ्याचा हात भाजतो. ड्रॅगन जन्मतात ते त्याच पुस्तकाच्या अगदी शेवटच्या प्रकरणात, डॅनेरिसचा नवरा ड्रोगोच्या चितेवर. म्हणजे बर्फ आधी, आग नंतर. ‘प्रतिक्रिया’ म्हणायचीच असेल तर उलटी म्हणा.

बरं, आगीची जादूही ड्रॅगनची वाट बघत बसलेली नाही. अग्निपूजक पुजारी थोरॉस बेरिक या मेलेल्या सरदाराला पहिल्यांदा उठवतो ते ममर्स फोर्डच्या लढाईनंतर. थोरॉस हे सगळं तिसऱ्या पुस्तकात आर्या या मुलीला सांगतो, पण लढाई पहिल्या पुस्तकातली आहे, ड्रॅगन जन्मायच्या आधीची. इथं बरेच जण फसतात, कारण वाचताना ही हकिकत ड्रॅगननंतर येते. ड्रोगोवर उपचार करणाऱ्या मिरी माझ दूरची रक्तजादूही चितेच्या आधीची. आर्याचा भाऊ ब्रॅनच्या स्वप्नातला तीन डोळ्यांचा कावळासुद्धा.

मग थिअरीत खरं किती? पहिला-दुसरा भाग निम्मा टिकतो. दुसऱ्या पुस्तकात वाइल्डफायर (जादूचं हिरवं ज्वलनद्रव) बनवणारा हॅलीन राजधानीचा कारभार बघणाऱ्या टिरियनला सांगतो की मंत्र अलीकडं जास्त लागू पडायला लागलेत, आणि विचारतो की कुठं ड्रॅगन तर नाहीत ना. चौथ्या पुस्तकात सिटाडेल या विद्यापीठातली काचेची जादूची मेणबत्ती पेटलेली दिसते. यावरून ड्रॅगनमुळं जादूला जोर येतो इतकं म्हणता येतं. ड्रॅगन हाच तिचा उगम, असं म्हणता येत नाही. गोष्टीतल्या कालगणनेत शेवटचा ड्रॅगन १५३ साली मेला, डॅनेरिसचे जन्मले २९९ ला. मधल्या १४६ वर्षांत वेड्या राजा एरिसनं वाइल्डफायर करून घेतलंच होतं की. जादू मंदावली होती, विझली नव्हती.

मालिकावाल्यांसाठी : ‘चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट’ या जंगलातल्या आदिम जमातीनं माणसाच्या छातीत ड्रॅगनग्लास खुपसून अदर्सचा राजा नाइट किंग बनवला, हे फक्त मालिकेत, सहाव्या सीझनच्या पाचव्या भागात. पुस्तकात ‘नाइट्स किंग’ आहे तो दंतकथेतला, भिंतीवरच्या पहारेकऱ्यांचा तेरावा सेनापती (लॉर्ड कमांडर). दोघांचा संबंध जोडू नका, नाहीतर परत एक तास गेला.

साचा_आणि_रस

जोडशंकेवर. जादू बाजूला ठेवून नुसतं धातूचं बोलू.

रॉइसच्या तलवारीचं वर्णन परत वाचा. वार-अडव चालू आहे, पात्यावर पांढरं दव जमत जातंय, आणि मग एका फटक्यात त्याचे तुकडे. शिरोलीतल्या कुठल्याही फौंड्रीतल्या क्वालिटीवाल्याला हे ओळखीचं वाटेल. साधं कार्बन स्टील गार होत गेलं की एका टप्प्यानंतर वाकायचं सोडून काचेसारखं तुटतं. कारण त्याच्या अणूंची रचना. लोखंडाची नेहमीची रचना थंडीत घसरायला तयार होत नाही, मग ताण चिरेतूनच बाहेर पडतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची लिबर्टी जहाजं गार पाण्यात अशीच तडकली होती.

हे मोजायची पद्धत म्हणजे चार्पी टेस्ट. १० × १० × ५५ मिमीचा तुकडा, मधोमध २ मिमी खोल व्ही खाच. ड्राय आइस आणि अल्कोहोलच्या बाथमध्ये हव्या त्या तापमानाला आणायचा आणि बाहेर काढल्यापासून ५ सेकंदांच्या आत हातोडा सोडायचा. उशीर केला की तुकडा गरम होतो आणि रिझल्ट खोटा चांगला येतो. एसजी आयर्नच्या (एक प्रकारचं ओतीव लोखंड) ४००-१८-एलटी ग्रेडला उणे २० अंशांना तुकडा तोडायला खर्ची पडलेल्या ऊर्जेची तीन तुकड्यांची सरासरी १२ जूल लागते, एकही तुकडा ९ च्या खाली चालत नाही. सिलिकॉन किंवा फॉस्फरस वाढला की टेस्ट नापास, कारण ठिसूळ व्हायचं तापमान वर सरकतं. आता तलवार म्हणजे कडक केलेलं जास्त कार्बनचं पातं. ते घरच्या तापमानालाच फार सोशिक नसतं. त्याला अदर्सची थंडी आणि वर फटका. फुटणारच.

मालिकेत हार्डहोमला (पाचवा सीझन, आठवा भाग) जॉनची वालेरियन स्टीलची (जुन्या जादूई घडणीची) तलवार लाँगक्लॉ अदरच्या वारापुढं टिकते. गंमत म्हणून सांगतो, निकेल भरपूर असलेल्या ऑस्टेनिटिक स्टीलची रचना वेगळी, ते थंडीत असं एकदम ठिसूळ होत नाही. वालेरियन लोहारांनी निकेल घातलं होतं असं कुणी कट्ट्यावर ठोकून दिलं तर खोडून काढणं अवघड आहे. पण पुस्तकात वालेरियन स्टीलनं अदर मेल्याचा एकही प्रसंग नाही. जॉनचा मित्र सॅमला जुन्या नोंदीत ‘ड्रॅगनस्टील’ असा शब्द सापडतो आणि जॉन अंदाज बांधतो, बस.

ड्रॅगनग्लास म्हणजे ऑब्सिडियन. लाव्हा इतका पटकन गार होतो की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, म्हणून काच. सिलिका साधारण ७० टक्क्यांच्या वर, कठीणपणा मोहस मापावर ५ ते ५.५. ते मुळातच ठिसूळ, त्यामुळं थंडीनं त्याचं आणखी काय बिघडणार? धार भयंकर, पण आघात सोसत नाही. तिसऱ्या पुस्तकात सॅम त्याच खंजिरानं अदर मारतो, आणि पुढं वाइटवर (अदर्सनी उठवलेल्या प्रेतावर) वार करतो तेव्हा साखळी चिलखतावर आपटून त्याचा चुरा होतो. मग जळता निखारा तोंडात कोंबून वाइटला संपवावं लागतं. खंजीर अदर्ससाठी आणि आग वाइट्ससाठी, हा फरक पुस्तकात पक्का धरा. मालिकेत सातव्या सीझनमध्ये ड्रॅगनग्लास वाइटवरही चालतं.

आणि कुणी विचारायच्या आधीच : जोतिबाच्या डोंगराचा काळा पाषाण ड्रॅगनग्लास नव्हे. तो बेसाल्ट, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि स्फटिकांचा. खंजीर होणार नाही, पाटा-वरवंटा होईल.

पंचगंगा_घाट

लई भारी! क्रमाचा मुद्दा पटला. पण आमच्यातला एक भावा चंद्राची थिअरी घेऊन येणार आहे, त्याला काय उत्तर द्यायचं? पुस्तकातल्या कार्थ शहरातली गोष्ट आहे ना, की आभाळात पूर्वी दोन चंद्र होते, एक सूर्याच्या फार जवळ गेला, तडकला आणि त्यातून ड्रॅगन बाहेर पडले. तो म्हणतो की चंद्र फुटल्यामुळं ग्रहाचा आस डगमगायला लागला, म्हणून ऋतू बिघडले, म्हणून लाँग नाइट (दंतकथेतली लांबलचक काळोखी थंडी). म्हणजे आग आणि बर्फ एकाच स्फोटातून आले.

उत्तरायण_४१

तुमच्या भावाचं अर्धं विज्ञान बरोबर आहे. चंद्रामुळं पृथ्वीच्या आसाचा कल सांभाळला जातो हे खरं. तो सुमारे ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात २२.१ ते २४.५ अंशांच्या मध्येच हलतो. पण आकडा बघा : एकेचाळीस हजार वर्षं. चंद्र नसलेल्या ग्रहाचा कल जास्त हलेल, तोही लाखो वर्षांत. दुसऱ्या पुस्तकात संपलेला उन्हाळा दहा वर्षं, दोन महिने आणि सोळा दिवसांचा होता आणि त्याआधीचे ऋतू वेगळ्या लांबीचे. इतक्या पटापट कल बदलत असेल तर ग्रहावर कोण जगणार?

पुस्तकातला पुरावाही विरोधात जातो. भिंतीपलीकडची माणसं आइस ड्रॅगन नावाच्या नक्षत्रातल्या निळ्या ताऱ्यावरून उत्तर ओळखतात. आस डगमगत असता तर उत्तर दाखवणारा तारा दर थोड्या वर्षांनी बदलला असता. तारा तोच आहे, म्हणजे आस स्थिर आहे. वर्षही व्यवस्थित मोजलं जातं, बारा चांद्रमासांचं. बिघाड फक्त उष्णतेत आहे.

कट्ट्यावर समजवायला आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव वापरा. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी मावळतीचे किरण चरणांवर, मग छातीपर्यंत, मग मुखावर. या दोनच वेळा का? २१ डिसेंबरपासून १० नोव्हेंबर ४१ दिवस मागं आणि १ फेब्रुवारी ४२ दिवस पुढं. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर, म्हणजे मावळतो त्याच जागी. किरण कधी पोचत नाहीत ते ढगामुळं, धुळीमुळं किंवा वाटेतल्या बांधकामामुळं. सूर्य चुकत नाही. वेस्टेरॉसमध्ये, म्हणजे गोष्टीतल्या खंडावर, असं देऊळ बांधलं तर तिथंही किरणोत्सव ठरल्या तारखेलाच होईल, फक्त बाहेर बर्फ पडत असेल. ऋतूंचं कारण जादूचं आहे, खगोलशास्त्राचं नाही, असं लेखकानंही सांगितलेलं आहे.

मिरजकर_तिकटी

सगळ्यांचं बरोबर आहे, पण चंद्रवाल्या भावाच्या शेवटच्या वाक्याला एवढ्यात मोडीत काढू नका. ‘एकाच उगमातून’ हे चंद्राशिवायही टिकतं. मी त्याला तांबडा-पांढरा थिअरी म्हणतो (हसा खुशाल). दोन्ही रश्शांची चव परस्परविरोधी, पण खाली आळणी पाणी एकाच मटणाचं.

पुरावे सगळे पुस्तकातले. बेरिक सहा वेळा मरून उठतो आणि दर खेपेला त्याची आठवण झिजत जाते. २०१७ च्या एका मुलाखतीत लेखकानं त्याला बर्फाऐवजी आगीनं चालणारा वाइटच म्हटलंय. म्हणजे प्रेत उठवणं ही एकच क्रिया, दोन्हीकडं. वालेरियन भाषेत ड्रॅगनग्लासचं नाव ‘गोठलेली आग’ असं आहे; वर साचावाल्यांनी सांगितलं तेच की. आणि सगळ्यात जड पुरावा पाचव्या पुस्तकात (२०११) अग्निपूजक पुजारीण मेलिसांद्रेच्या प्रकरणात : तिची अग्निविद्या भिंतीपाशी, बर्फाच्या त्या ढिगापाशी, जादूसाठी प्रसिद्ध अशाई शहरापेक्षाही जोरात चालते. वैर असतं तर तिथं ती मंदावायला हवी होती.

काळा_कावळा

मेलिसांद्रेचा मुद्दा मान्य, माझ्याकडून सुटला होता. पण रश्श्याला एक भोक आहे. भिंत बर्फाची असून बर्फाच्याच बाजूचं मेलेलं अडवते : कोल्डहँड्सला (मेलेला पण चालताबोलता पहारेकरी) भिंतीखालच्या काळ्या दरवाजातून आत येता येत नाही. म्हणजे भिंतीत नुसता बर्फ नाही, विणलेले मंत्र आहेत, आणि मेलिसांद्रेला जोर देतात ते मंत्र की बर्फ, हे पुस्तक सांगत नाही. कुणी म्हणेल, कॅसल ब्लॅकमध्ये वाइट्स आले कसे? त्यांना पहारेकऱ्यांनीच प्रेतं म्हणून उचलून आत आणलं होतं.

भिंतीचा आकार विचारला तर : ३०० मैल लांब, ७०० फूट उंच. मीटरमध्ये २१३, आणि लांबीला कोल्हापूर ते पुणे जाऊन परत.

पंचगंगा_घाट

ठरलं. आधी क्रम, मग खंजीर, मग किरणोत्सव, आणि तांबडा-पांढरा शेवटी. तो आधी काढला तर सगळे उठून जेवायला जातील.