रंकाळ्यावरचा हिरवा थर: हे शेवाळ की आणखी काही?

फिरस्ता_संध्यामठ:
नमस्कार. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारताना गेल्या आठवड्यात संध्यामठाच्या बाजूला पाण्यावर ऑइलपेंट सांडल्यासारखा पोपटी थर दिसला. नववीतल्या मुलीच्या प्रकल्पासाठी मी तो बाटलीत भरून आणला. पण हे शेवाळ नसून जिवाणू आहेत, असे तिच्या शिक्षकांनी सांगितले. विहिरीच्या पायरीवरच्या निसरड्या हिरवटीपासून तळ्यातल्या तंतूंपर्यंत सगळ्यालाच आम्ही शेवाळ म्हणत आलो. मग खरे शेवाळ कोणते, आणि ही सगळी हिरवळ काढून टाकली तर तलाव सुधारेल का?

निवृत्त_वनस्पतीशास्त्र:
शिक्षकांचे म्हणणे बरोबर असावे. ‘शेवाळ’ हा शब्द आपल्या माळव्यासारखा आहे. वांगी, कोथिंबीर आणि बटाटा एका पाटीत बसतात म्हणून ती एका कुळातली ठरत नाहीत. आपण वर्णन केलेला थर बहुधा मायक्रोसिस्टिसचा, म्हणजे नीलहरित शेवाळाचा आहे. त्याच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून तो जिवाणूंत मोडतो. काडी बुडवून पाहा: लांब तंतू गुंडाळून वर आले तर स्पायरोगायरासारखे खरे हिरवे शेवाळ, नुसता रंग चिकटला तर नीलहरित. त्याच्या काही प्रकारांचे विष यकृताला बाधते, तेव्हा बाटली हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि अशा पाण्यावर जनावरे सोडू नयेत.

त्याच पाण्याच्या थेंबात डायाटम नावाचे एकपेशीय शेवाळही सापडेल. झाकणाच्या डबीसारखे त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच असते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची नक्षी पाहताना वेळ कसा जातो ते कळत नाही. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातले असे सूक्ष्मजीव उचलतात.

द्राक्षबाग_तासगाव:
थोडे अवांतर वाटेल, पण याच डायाटमचा एक लांबचा भाऊबंद आमच्या बागेत दरवर्षी येतो, तो म्हणजे द्राक्षावर रोग आणणारा डाऊनी, ज्याला केवडा म्हणतात. त्याला बुरशी समजून औषधे निवडणारे अनेक जण फसतात. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असते आणि त्याचे बीजाणू शेपटीच्या साहाय्याने पाण्यात पोहतात, त्यामुळे पाने ओली राहिली की तो झपाट्याने पसरतो. 1845 पासून आयर्लंडचा बटाटा नासवणारा जीवही याच गटातला.

जलतपासनीस:
मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. सगळी हिरवळ काढणे शक्य नाही आणि इष्टही नाही, कारण पाणपिसवा तिच्यावर जगतात आणि माशांची पिल्ले पाणपिसवांवर. खरी अडचण सांडपाण्यातून येणाऱ्या फॉस्फरसची आहे. कॅनडात 1973 मध्ये एका तळ्याचे पडद्याने दोन भाग करून दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकले, एकीकडे मात्र फॉस्फरसही टाकला. तेवढीच बाजू हिरवीगार झाली. मोरचूद टाकण्याचा सोपा उपाय तर टाळलेलाच बरा, कारण पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते, आणि मेलेला थर कुजताना प्राणवायू संपून मासे मरतात.

फिरस्ता_संध्यामठ:
सर्वांचे आभार. बाटली रात्रभर न हलवता ठेवली होती. सकाळी सगळा हिरवा रंग वर तरंगून आला होता आणि खालचे पाणी बरेच निवळले होते.

निवृत्त_वनस्पतीशास्त्र:
मायक्रोसिस्टिसच्या पेशीत वायूचे बारीक फुगे असतात, ते तसेच वर येते. मुलीला हे चित्र वहीत काढून ठेवायला सांगा.