सोसायटी ग्रुप : बी-१०४ चा नवा भाडेकरू

सी-३०१ वैनी: चेअरमनसाहेब, बी-१०४ मध्ये कोण आलंय? नाव ना गाव. चौकशी कुणी केली काय?

बी-१०४ मालक: ॲग्रिमेंट झालंय, आधारची झेरॉक्स सेक्रेटरींकडे आहे. पोरगा उद्यमबागला, कारखान्यांच्या वसाहतीत कामाला आहे.

सी-३०१ वैनी: आधारवर केस लिहून येते काय? वर आता माहिती अधिकारातपण झाकून ठेवूलालेत म्हणे.

सी-२०२ वकील: होय की. २०२३ च्या डेटा कायद्यानं माहिती अधिकाराचं ८(१)(जे) कलम बदललं, खाजगी माहितीचं. आधी लोकहित दाखवलं की मिळायचं, आता 'वैयक्तिक' म्हणून सरळ नकार. लोकहितासाठी माहिती द्यायचं ८(२) कलम आहे अजून, खरं भांडावं लागतंय. चार्जशीट सार्वजनिक कागद नव्हे, हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्येच सांगितलंय.

ए-१०१ अप्पा: बरंच झालं.

सी-३०१ वैनी: बरं???

ए-१०१ अप्पा: बेळगावात काळ्या दिनाच्या, सीमाप्रश्नाच्या निषेध फेरीत चाललो, गुन्हा घातला. कोर्टानं सोडलं. कोर्टाच्या ई-कोर्ट वेबसाईटवर नाव टाका, आरोपी म्हणून अजून मीच. धाकटीच्या सोयरिकीला आलेल्यांनी चहा खाली ठेवून मोबाईल पुढं धरला, "हे तुम्हीच काय?" खाली निर्दोष लिहिलंय, तिथवर कोण वाचतंय?

ए-३०२ बंड्या: अप्पा, आमचा ग्रुप ॲडमिन आरोपी 😂

सी-३०१ वैनी: आंदोलनाचं वेगळं वो अप्पा. मी चोराचिलटांचं विचारतेय. परत सांगते, पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय भाडेकरू नको.

सी-२०२ वकील: नाव शोधताना दोघं एकाच यादीत येतात वैनी. एफआयआरपण २०१६ च्या आदेशानं २४ तासांत वेबसाईटवर टाकायची, लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील सोडून. एफआयआर म्हणजे नुसती तक्रार. लोक शिक्षा झाल्यागत वाचतात.

ए-३०२ बंड्या: उमेदवाराच्या केसेस पेपरात छापून येतात, तरी निवडून देतोय. भाडेकरूच्या मात्र हुडकूलालोय.

ए-२०३: दुपारी टाकी धुणार, पाणी भरून ठेवा. आणि गेटसमोर ती पांढरी ॲक्टिव्हा कुणाची?

सी-३०१ वैनी: विषय बदलू नका. परत सांगते, पोलीस व्हेरिफिकेशन.

बी-१०४ मालक: तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींचं झालंय काय?

सी-३०१ वैनी: त्या घरच्या आहेत.

बी-१०४ मालक: आणि हा काय आभाळातनं पडला?

चेअरमन: कृपया शांतता राखावी. पोरानं सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवर पोलीस व्हेरिफिकेशनचा स्वतः अर्ज करावा, दाखला सेक्रेटरींना दाखवावा. ग्रुपवर फोटो टाकायचा नाही.

सी-३०१ वैनी: का नाही? आम्हाला कळायला नको? सगळ्यांसमोर येऊ दे की.

ए-१०१ अप्पा: मग माझ्या केसचे कागदपण टाकू काय, आख्खे?

ए-२०३: अप्पा, आधी ॲक्टिव्हा काढा. तुमचीच आहे.