घरची बिअर पातळ लागते? करून बघितलेल्या कोल्हापूरकरांनी अनुभव लिहा

मंडळी, विषय साधा हाय. रंग झकास, वास झकास, फेस पण धरतोय, पण घोट खाली गेला की तोंडात काय उरतच नाही, सोडा प्यायल्यागत. कशामुळं झालतं आणि कशानं सुधारलं तेवढंच लिहा, रेसिपी टाकत बसू नका.

माझ्यापासनं सुरू करतो. माझ्याकडं कारण निघालं गूळ. कोल्हापुरात करायची म्हटल्यावर गूळ पाहिजेच की, म्हणून थोडं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) कमी करून त्या जागी गूळ घालायचो. पण गूळ म्हणजे जवळजवळ सगळी साखरच, यीस्ट ती खाऊन मोकळं होतं, अल्कोहोल चढतं आणि बॉडी, म्हणजे तोंडाला लागणारा भरीवपणा, जाते. हायड्रोमीटर (बिअर पाण्यापेक्षा किती घट्ट ते दाखवतो, पाणी म्हणजे १.०००) शेवटी १.००३ वर. आता गूळ दहा टक्क्यांच्या आत ठेवतो आणि माल्ट कमी करत नाही. काकवीवाल्यांनो, तुमचं पण तेच होणार.

राजारामपुरी
आमच्यात गूळ-बिळ काय नव्हता, निव्वळ माल्ट, तरी पाणीच. मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवतो ते) ६७ डिग्रीला असायचा, म्हणजे थर्मामीटर तसं म्हणायचा. एकदा तो बर्फाच्या पाण्यात बुडवला तर शून्याच्या जागी ४! म्हणजे खरा मॅश ६३ ला चाललेला. ६२ ते ६५ ला बीटा अमायलेज (माल्टमधलं स्टार्च तोडणारं एन्झाइम) जोरात असतं, साखर बारीक तुटते आणि यीस्ट सगळी फस्त करतं. ६८-६९ ला त्याच्या भावाचं, अल्फा अमायलेजचं राज्य, मग डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) शिल्लक राहतात, ती यीस्टला खाता येत नाहीत आणि तीच तोंडाला भरीव लागतात. आणि हो, उकळत्या पाण्यात थर्मामीटर तपासणार असाल तर १०० धरू नका भावांनो, आपण समुद्रापासनं साडेपाचशे मीटरच्या वर हाय, इथं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं.

रंकाळा
ओट्स टाका. दहा टक्के. विषय संपला.

कळंबा
विषय संपत नसतोय. माझ्यात ओट्स पण होते. पहिल्या बाटल्या एक नंबर, त्याच बॅचच्या महिन्याभरानं उघडल्या तर पातळ, आणि झाकण काढल्या काढल्या फवारा छतापर्यंत. म्हणजे आत कायतरी अजून खायलंय. जंगली यीस्ट शिरलं की ते डेक्स्ट्रिन पण सोडत नाही. बादलीची तोटी पूर्ण खोलली तर वॉशरच्या मागं पिवळट बुळबुळीत थर, वरनं बघितलं तर तोटी चकाचक. तेव्हापासनं तोटी दर वेळी सुटी करून धुतो, वॉशर बदलतो. अशा बाटल्या फ्रिजमध्ये ढकला, बाहेर ठेवल्या तर फुटतात, मे महिन्यात तर हमखास.

शाहूपुरी
आधी शेवटची ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचा आकडा) सांगत जा, मग बोलू. १.००५ च्या खाली गेली असंल तर वरच्यांनी लिहिलंय तेच, गूळ नायतर मॅश नायतर जंतू. पण माझी १.०१३ होती आणि तरी पातळ! मग गॅस बघितला, कमी. बिअरमध्ये गॅस कमी पडला की ती मेलेली लागते, बॉडी असून नसल्यासारखी. दुसरं म्हणजे पाणी. मी आरओचं वापरायचो, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलं आणि फरक जाणवला, क्लोराइडनं चव गोलसर होते, सल्फेट जास्त झालं तर कोरडी. चिमूटभरच हं, वजन करून घाला, अंदाजपंचे नको.

मूळ कागल, आता पुण्यात
स्टाउट (काळी, जाड बिअर) करणाऱ्यांनी लॅक्टोज (दुधातली साखर) बघा, बिअरचं यीस्ट ते खात नाही त्यामुळं जाडी टिकते. फक्त पाहुण्यांना आधी विचारा, ज्यांना दूध पचत नाही त्यांची रात्र खराब होते. बाकी एक बोलू का, सगळी बिअर जाड कशाला पाहिजे? मे महिन्यात तांबड्या रश्श्यासोबत मला तरी हलकीच बरी वाटते.

रंकाळा
मग धाग्यावर आलास कशाला लेका 😄