डॉनल्ड कनूथ यांच्या आवडीची पुस्तके : सुरुवात कोठून करावी?

हरिपूरकर
नमस्कार. मी सांगलीत संगणकशास्त्र शिकवतो. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली निघाला. त्याची प्रत माझ्या टेबलावर कित्येक वर्षे आहे, पण तो अथपासून इतिपर्यंत वाचला आहे, असे छातीला हात लावून सांगवणार नाही. याच कनूथ यांनी आपल्या आवडत्या ललित पुस्तकांचीही शिफारस केली आहे. तीत जॉर्ज पेरेक यांची ‘लाइफ : अ यूजर्स मॅन्युअल’, डोरोथी सेयर्स यांची ‘गॉडी नाइट’ आणि विक्रम सेठ यांची ‘द गोल्डन गेट’ ही पुस्तके आहेत. विश्रामबागेत दर रविवारी आमचे आठ जणांचे वाचनमंडळ भरते आणि वर्गणीत एकच प्रत बसते. कोणते पुस्तक मागवावे, आणि या आवडीचा त्यांच्या शास्त्राशी काही संबंध लागतो का, हे जाणकारांनी सांगावे.

पटावरचा घोडा
बुद्धिबळाची पंढरी म्हणवणाऱ्या गावातून हा प्रश्न आल्यावर पेरेक यांचे नाव आधी घ्यायलाच हवे. १९७८ सालच्या या फ्रेंच कादंबरीत पॅरिसमधली एक इमारत आहे. तिचा उभा छेद म्हणजे दहा बाय दहा घरांचा पट मानला आहे, आणि कथा एका खोलीतून दुसरीत जाते ती घोड्याच्या अडीच घरांच्या चालीने, एकाही घरात दुसऱ्यांदा पाऊल न ठेवता. घरे शंभर असली तरी प्रकरणे ९९च आहेत, कारण तळघरातला एक कोपरा लेखकाने मुद्दाम गाळला आहे. घोड्याने सारा पट फिरण्याचे हे कोडे कनूथ यांच्याही अभ्यासाचा विषय आहे. आपल्याकडे तर नवव्या शतकात काव्यशास्त्रकार रुद्रटाने ‘काव्यालंकारा’त अक्षरे याच चालीने वाचता येतील असा श्लोक रचला होता, त्या प्रकाराला तुरगपदबंध म्हणतात.

तरीही मंडळासाठी मी हे पुस्तक सुचवणार नाही. खोल्यांमधल्या वस्तूंची वर्णने पानेच्या पाने चालतात, आणि चौथ्या रविवारी आठांपैकी तिघेच उरतील. पहिले प्रकरण जिन्यावर घडते. मी स्वतः दोनदा त्या जिन्यातूनच परत फिरलो आहे.

निवृत्त मास्तर, सातारा
मी आयुष्यभर मराठी शिकवले, संगणकातले मला कळत नाही; परंतु ‘द गोल्डन गेट’ (१९८६) मुलीने आणून दिले म्हणून वाचले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुण मंडळींची ही कादंबरी पहिल्यापासून शेवटपर्यंत पद्यात आहे, इतकी की अनुक्रमणिका आणि ऋणनिर्देशही सेठ यांनी चौदा ओळींच्या यमकबद्ध कडव्यांतच बसवले आहेत. मोरोपंतांच्या आर्या मोजत वाढलेल्या माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही.

आणि संबंधाचे म्हणाल, तर लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा भरायच्या तर गुरु-गुरु, गुरु-लघु-लघु, लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु आणि चारही लघु, असे पाचच मार्ग निघतात. पाच मात्रांना आठ, सहांना तेरा, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. ज्याच्या नावाने ही संख्यामाला ओळखली जाते त्या इटालियन गणिती फिबोनाचीच्या आधी ही मोजणी बाराव्या शतकात जैन पंडित हेमचंद्राने केली होती, याची नोंद कनूथ यांनी पहिल्याच खंडात घेतली आहे, असे माझा जावई सांगतो. हरिपूरकर, आपल्या टेबलावरच्या प्रतीत ती जरूर पडताळून पाहावी.

गणपती पेठ
मास्तरांचा मुद्दा सुंदर आहे, पण सगळी आवड मोजणीतून आली असे मानणे मला घाईचे वाटते. ‘गॉडी नाइट’मध्ये असे कोणतेच बंधन नाही. ती ऑक्सफर्डमधल्या स्त्रियांच्या महाविद्यालयात निनावी घाणेरड्या पत्रांचा माग काढणारी १९३५ सालची रहस्यकथा आहे, आणि शास्त्रज्ञालाही रात्री झोपण्यापूर्वी केवळ गोष्ट हवी असू शकते.

हरिपूरकर
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मास्तर, नोंद सापडली. फिबोनाची संख्यांच्या विभागातच आहे आणि तेथे हेमचंद्राबरोबर गोपाळ या आणखी एका जुन्या पंडिताचेही नाव आहे. ती पाने माझ्या प्रतीत आजवर कोरी करकरीत राहिली होती, हे कबूल करतो. सेठ यांचे पुस्तक मागवले आहे. पद्य असल्यामुळे ते पाळीपाळीने मोठ्याने वाचता येईल, त्यामुळे एका प्रतीचाही प्रश्न सुटला.